पद्मिनीतून पुणे–श्रीवर्धन : पाच चाकं, त्यातली चार नवी

बाबांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी वर्षाला जेमतेम सहाशे किलोमीटर चालते. दसऱ्याला हार, महिन्यातून एकदा वाण्याकडे चक्कर, बाकी वेळ पार्किंगमध्ये चादरीखाली. तिला डिसेंबरात ताम्हिणीतून श्रीवर्धनला न्यायचं ठरवलं, तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, इंजिन बघून घे." इंजिनाने दोन दिवसांत एकदाही त्रास दिला नाही. त्रास दिला तो रबराने.

निघायच्या पंधरा दिवस आधी टायर पाहिले होते. नक्षी खोल, कडा शाबूत, कुणालाही नवेच वाटतील. मग बाजूवरचा लंबगोलातला चार आकडी कोड वाचला : २३११. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. म्हणजे २०११च्या तेविसाव्या आठवड्यातला माल. कोडात तीनच आकडे दिसले, तर टायर २०००च्या आधीचा समजावा आणि त्याच्याशी हुज्जत घालू नये. पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी नीट तपासायचा आणि दहा वर्षांनी नक्षी कितीही उरलेली असली तरी काढायचा, हा हिशोब मला पटतो. रबर किलोमीटरने झिजतं, पण हवेतल्या ऑक्सिजनने आणि ओझोनने कडक होत जातं, आणि हे काम गाडी उभी असतानाही चालूच असतं. उलट रोज चालणाऱ्या टायरमध्ये रबरातलं मेण ताणामुळे पृष्ठभागावर येत राहतं आणि त्याचं रक्षण करतं. उभ्या गाडीच्या टायरला तेही मिळत नाही.

भेगा मला आधी दिसल्या नाहीत, कारण धुलाईवाला दरवेळी टायरला चकचकीत पॉलिश मारत होता. साबणाच्या पाण्याने घासून टायर वाळू दिला आणि कडेचं रबर अंगठ्याने दाबून वाकवलं, तेव्हा केसाएवढ्या रेषा उघडल्या.

पद्मिनीचं मूळ माप ५.२०–१४, क्रॉसप्लाय, म्हणजे आतले धागे तिरके, एकमेकांना छेदणारे. ते हवं तेव्हा मिळत नाही. मी १५५/८० आर १४ रेडियल (आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ) घेतले, बाहेरचा व्यास जवळपास तोच येतो. उभ्या गाडीत स्टिअरिंग जरा जड लागतं, पण वेगात गाडी पूर्वीसारखी रस्त्याच्या खाचांमागे पळत नाही. रेडियल घ्यायचे तर चारही घ्या. एका आसावर एक जुना, एक नवा हा प्रकार नकोच.

चारही घेतले, हे मी अभिमानाने लिहितोय. पुढे वाचा.

शनिवारी पहाटे साडेपाचला कोथरूड सोडलं. टाकी पिरंगुटलाच भरली, तुम्हीही घाटाआधीच भरा. मुळशी धरणाच्या काठाने धुकं होतं, पद्मिनी पन्नासच्या वेगात खुशीत चालली होती. फक्त रस्ता उखडला की पुढून डावीकडे टकटक. निघण्याआधी जॅकवर चाक वर-खाली हलवलं होतं, तेव्हा किंचित खेळ जाणवला होता. अशा वेळी दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. खेळ नाहीसा झाला तर चाकाचं बेअरिंग ढिलं, तसाच राहिला तर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं ती उभी पिन. आमचा राहिला. आमचे मिस्त्री म्हणाले होते, "ग्रीस मारून जाऊन या, आल्यावर किट टाकू." हे ग्रीसही चाक उचलूनच मारावं, नाहीतर ज्या बाजूवर वजन असतं तिथे ते पोचत नाही. निप्पलमध्ये पंप मारत राहायचं, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन मागून नवं दिसेपर्यंत.

ताम्हिणी गाव मागे टाकून विळ्याकडे उतरताना मागचं डावं चाक बसलं. खिळा नाही, काच नाही. ट्यूब व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली होती. दुकानदाराने नव्या टायरात जुन्याच ट्यूबा घातल्या होत्या आणि मी विचारलं नव्हतं. मुळाशी फाटलेल्या ट्यूबला पॅच लागत नाही. नवा टायर तर नवी ट्यूब, आणि ती आपल्या डोळ्यांसमोर खोक्यातून निघाली पाहिजे.

उतारावर मागचं चाक उचलायचं तर हँडब्रेकवर विसंबू नका. तो मागच्याच चाकांना लागतो, आणि त्यातलंच एक आपण हवेत उचलणार असतो. पुढच्या दोन्ही चाकांना दगडाची उटी लावली, गाडी रिव्हर्स गिअरमध्ये टाकली, नट जमिनीवरच अर्धे सैल केले आणि मग जॅक. जॅकखाली ठेवायला फळीचा जाड तुकडा न्या, साइडपट्टीची माती जॅक गिळते.

स्टेपनी लावली. निजामपूरला चहाला थांबलो, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, या चाकाला गळू झालंय का?" लिंबाएवढा फुगा. खाली बसून कोड वाचला : १८०९. पाचव्या टायरकडे आम्ही कुणी बघितलंच नव्हतं. डिकीत सावलीत होता, रस्त्याला कधी लागला नव्हता, आणि आतले धागे सुटून मोकळा झाला होता. तिथून माणगावपर्यंत वीसच्या वेगाने गेलो. मागचे ट्रकवाले काय बोलत होते ते इथे लिहीत नाही.

माणगावात चौदा इंची ट्यूब तिसऱ्या दुकानात मिळाली. पंक्चरवाल्याने रिमच्या आतली गंज पॉलिशपेपरने घासून काढली आणि मगच ट्यूब घातली. हे मी सांगितलं नव्हतं, त्याबद्दल त्याला मनापासून दाद.

साई, म्हसळा आणि पुढे श्रीवर्धनचा टप्पा सुरेख आहे, पण वळणं आणि खड्डे मोजायच्या पलीकडे. इथे मागून करकर सुरू झाली, ती पाट्यांच्या (मागच्या लीफ स्प्रिंगच्या) बुशांची, म्हणजे त्यांच्या टोकांतल्या रबरी अस्तरांची. दोष माझाच. दर सर्व्हिसिंगला खालून डिझेल-ऑइलचा फवारा मारून घ्यायची आमच्याकडे परंपरा आहे. पाट्यांच्या लोखंडाला तो मानवतो, पण शॅकलमधलं, म्हणजे पाटा गाडीला टांगणाऱ्या कडीतलं, रबर त्याने फुगतं आणि लोण्यासारखं मऊ होतं. नवे बुश घालताना मिस्त्रींना आठवण करा : बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. पाटे लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली उतरवताच रबराला पीळ बसतो आणि तो कायमचा राहतो.

बुश कुठून आणायचे, हा वेगळा वैताग. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी होत्या तोवर या मालाला रोज गिऱ्हाईक होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याही गेल्या. आता "ओरिजिनल जुना स्टॉक आहे साहेब" म्हणून जे पुढे येतं, ते रबर तुमच्या गाडीतल्या रबराइतकंच म्हातारं असू शकतं. नखाने दाबा. नख उमटून लगेच भरून आलं तर घ्या. लोखंडी भाग, पिन, शॅकल मात्र जुन्या स्टॉकमधले खुशाल घ्या.

श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं गाव, त्याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय. मी एवढंच सांगेन की गाडी पुळणीवर नेऊ नका. किनाऱ्याला लागून मुक्काम असेल, तर घरी आल्यावर गोड्या पाण्याने खालून स्वच्छ धुवा, पाट्यांच्या थरांमध्ये मीठ बसतं. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीची वेळ विचारूनच करा.

रविवारी परतलो ते स्टेपनीशिवायच. फुगलेला टायर माणगावातच ठेवून आलो होतो. ताम्हिणी चढताना भाऊ दर वळणावर खिडकीतून मागच्या चाकाकडे बघत होता. घरी हवा तपासली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, टायर थंड असताना. तापलेल्या टायरवर घेतलेला आकडा जास्त दिसतो आणि माणूस उगाच हवा काढून टाकतो. किंगपिनचं किट मिस्त्रींना सांगून ठेवलंय.

सोमवारी संध्याकाळी पाचवा टायर घेतला, ट्यूबसकट. कोड वाचला, खोकं माझ्यासमोर फोडायला लावलं. सगळं झाल्यावर पोऱ्याने पॉलिशची बाटली आणि फडकं उचललं, तेव्हा मी त्याचा हातच धरला.