उडीची नोंद: पावसाळा, मागची मांडी आणि डावा पाय

पावसाळ्यात आमच्या गावचं व्हॉलीबॉलचं मैदान चिखलाने भरतं, नेट गुंडाळून ठेवलं जातं आणि दसऱ्यापर्यंत खेळ जवळपास बंद. हा काळ मी ताकदीसाठी राखून ठेवतो. यंदा स्क्वॉटचं वजन वाढवायच्या मागे लागायचं नाही, मांडीची मागची बाजू आणि डावा पाय एवढ्यावरच काम करायचं, असं ठरवलं होतं. फरक पडलाय, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी उडीच्या उंचीचे आकडे. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम मिळतात. पाय जमिनीवरून सुटल्यापासून परत टेकेपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या, २४० ने भागायचं, की हवेत राहिल्याची वेळ मिळते. त्या वेळेचा वर्ग करा, ९.८१ ने गुणा, ८ ने भागा. उंची मीटरमध्ये हातात. जूनमध्ये १४४ फ्रेम भरत होत्या, म्हणजे ०.६ सेकंद, म्हणजे ४४ सेंटिमीटर. आता १५१ भरतात, म्हणजे साडेअठ्ठेचाळीस. मोजताना एक पथ्य पाळायचं: उतरताना गुडघे वर घ्यायचे नाहीत. तसं केलं की पाय उशिरा टेकतात आणि आकडा फुगतो. भिंतीवर खडूची खूण करून मोजायची रीत जुनी आहे, डडली सार्जंट यांनी १९२१ मध्ये ती मांडली. तिच्यात टाचा उचलल्याची उंचीही धरली जाते, त्यामुळे तो आकडा मोबाइलच्या आकड्यापेक्षा मोठाच येतो. दोन्हींची तुलना करू नका. एक पद्धत धरा आणि तीच चालवा.

माझे पाय तालमीतले. लहानपणापासून बैठका मारल्यात आणि आजही मारतो. बैठकीत टाचा उचलल्या जातात, गुडघे चवड्यांच्या पुढे जातात, आणि भार येतो तो मांडीच्या पुढच्या भागावर आणि पोटरीवर. दम आणि गुडघ्याची चाल यासाठी मला बैठकीसारखं दुसरं काही दिसत नाही. पण उडीत जमिनीला रेटा द्यायला साधारण पाव सेकंदच मिळतो, आणि त्यात कंबरेचा सांधा, गुडघा, घोटा तिन्ही उघडावे लागतात. कंबरेचा सांधा उघडायचं काम नितंबाचे स्नायू आणि हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचे स्नायू, करतात. बैठकीत त्यांना म्हणावं तसं ओझं मिळत नाही.

दुसरं कारण उतरण्याचं. हॅमस्ट्रिंग नडगीच्या हाडाला मागे धरून ठेवतं, त्यामुळे जमिनीवर येताना गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटवरचा ताण कमी होतो. यंत्रावर मोजतात तेव्हा हॅमस्ट्रिंगची ताकद क्वाडच्या, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूंच्या, निदान ६० टक्के असावी असं सहसा धरतात. आपल्याकडे असलं यंत्र कुठे मिळणार? मी साधी चाचणी केली. पाठीवर झोपायचं, एक टाच बाकावर ठेवायची, दुसरा पाय वर धरायचा आणि कंबर उचलत राहायचं. डावा पाय उजव्याच्या दोन-तृतीयांशावरच थकला. आणि उजव्या हाताने स्मॅश मारणारे आपल्यातले बरेच जण डाव्या पायावरच आधी उतरतात. म्हणजे जो पाय कच्चा, सगळा मार त्यालाच. वाटीच्या खालची कंडरा डाव्याच गुडघ्यात का कुरकुरते, ते तिथे कळलं.

सगळ्यात जास्त दिलं ते नॉर्डिक नावाच्या व्यायामाने. गुडघ्यांखाली जाड घडी घालायची, जोडीदाराने दोन्ही घोटे घट्ट दाबून धरायचे, आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंत एका रेषेत राहून हळूहळू पुढे झुकायचं. कुठेतरी मध्यावर मागची मांडी सोडून देते आणि हातांवर पडावं लागतं. आमचा लिबेरो (फक्त बचावाला खेळणारा गडी) घोटे धरून बसायचा आणि एकच घोकायचा, "कंबर मोडू नको रे, कंबर मोडू नको!" कंबर मागे गेली की भार हॅमस्ट्रिंगवरून निसटतो, त्यामुळे त्याचं ते ओरडणं मोलाचं होतं. सुरुवातीला पाच-पाच रेप्सचे दोनच सेट पुरेत. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांडीची मागची बाजू कुठून कुठे जाते ते नेमकं कळतं. आता मी जमिनीपासून वीतभर अंतरापर्यंत ताबा ठेवून खाली जातो.

त्याच्या जोडीला रोमानियन डेडलिफ्ट. बार मांडीला घासत खाली न्यायचा, कंबर मागे ढकलायची, पाठ सपाट, आणि गुडघ्याच्या थोडं खाली आलं की थांबायचं. डाव्या-उजव्याचा फरक भरायला मागचा पाय बाकावर टेकवून केलेले स्प्लिट स्क्वॉट. सुरुवात नेहमी डाव्याने करायची, आणि उजव्याने डाव्याएवढेच रेप्स मारायचे, एकही जास्त नाही. उजव्यात दम शिल्लक असताना थांबायला मन तयार होत नाही, पण फरक याच शिस्तीने भरतो.

पोटरीचं थोडक्यात. पाय सरळ ठेवून काफ रेज (टाचा उचलणं) केले की वरचा स्नायू कामाला लागतो, गुडघा वाकवून केले की खालचा सोलियस. बरेच जण वाकवून करतच नाहीत, आणि उतरताना धक्का झेलण्यात सोलियसचा वाटा मोठा असतो. दोन्ही करा. गुडघ्याच्या कंडरेसाठी २५ अंशांच्या उतरत्या फळीवर एका पायाचे संथ स्क्वॉट चालू आहेत. सुताराकडून फळी करून घेतली, त्याने कोन अगदी मापात दिला. सकाळची कुरकुर खूपच कमी झालीय.

हातांच्या झोक्याचीही नोंद ठेवतोय. कंबरेवर हात ठेवून मारलेली उडी आणि झोका घेऊन मारलेली उडी यांत माझ्याकडे पाच-सहा सेंटिमीटरचा फरक येतो. हा फरक फारच कमी असेल, तर वजन उचलण्याआधी झोक्यावर मेहनत घ्या. ती फुकटची उंची आहे.

आता पुढचं. मैदान वाळायला लागलंय. आठवड्यातले दोन दिवस वजनाचे, एक दिवस उड्यांचा, आणि उड्यांच्या आदल्या दिवशी नॉर्डिक बंद, कारण दुखऱ्या मांडीने झेप येत नाही. डेप्थ जंप ३० सेंटिमीटरच्या खोक्यावरून सुरू करतोय: खाली उतरायचं आणि जमिनीला पाय लागताच वर. सोव्हिएत प्रशिक्षक युरी वर्खोशान्स्की यांनी रूढ केलेला हा प्रकार जबरदस्त आहे, पण कंडरांकडून बरंच काही वसूल करतो. म्हणून डावा पाय बाकावरच्या चाचणीत उजव्याच्या बरोबरीला येईपर्यंत खोका उंच करणार नाही. सध्या तो उजव्याच्या जरासाच मागे आहे. पुढची नोंद नेटवर अप्रोच घेऊन, म्हणजे पावलं टाकत धावत येऊन, मारलेल्या उड्यांची असेल. तुमच्यापैकी कोणी डावखुरे स्मॅशर असाल तर दोन्ही पायांची ही चाचणी करून आकडे कळवा. तुमचा उजवा पाय कच्चा निघतो का, ते मला बघायचंय.