चट्टे पुन्हा लाल झाले म्हणजे औषध हरलं असं नाही

आजच्या ओपीडीतही तोच प्रश्न: कुष्ठरोगाच्या एमडीटीचे (रिफाम्पिसिन, डॅप्सोन, क्लोफाझिमिन या तीन औषधांचा एकत्रित उपचार) १२ महिने पूर्ण, तरी जुने चट्टे लाल, सुजलेले. लगेच ‘औषध लागू पडेना’ म्हणू नका. बहुतेकदा ती रिअ‍ॅक्शन असते, म्हणजे जंतूंविरुद्ध शरीराच्या प्रतिकारशक्तीने उठवलेली सूज; तिला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लागतं. पण नवे चट्टे उठले आणि स्मिअरमध्ये (कातडीला बारीक चीर देऊन काचपट्टीवर घेतलेला नमुना) अखंड, एकसारखे रंगलेले, म्हणजे बहुधा जिवंत, जंतू पुन्हा दिसले, तर कातडीचा तुकडा ७०% अल्कोहोलमध्ये पीसीआरला (जंतूच्या जनुकांच्या तपासणीला) पाठवाच. हा जंतू प्रयोगशाळेतल्या माध्यमात वाढत नाही, म्हणून तो औषधाला दाद देईनासा झालाय का हे कळायला त्याचं जनुकच वाचावं लागतं: रिफाम्पिसिनसाठी आरपीओबी हे जनुक, डॅप्सोनसाठी एफओएलपी-१. महिन्याचा ६०० मिग्रॅ रिफाम्पिसिनचा डोस समोरच गिळायला लावा. आणि क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते, औषध संपल्यावर हळूहळू उजळते, हे पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर नेमक्या त्याच तपकिरी कॅप्सूल पाकिटात उरतात.