अझ्टेकांवर इतका जीव का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. व्याख्यान संपलं की कुणीतरी विचारतंच, ‘माणसांची काळजं काढणाऱ्या त्या लोकांवर तुमचा एवढा जीव का?’ विचारणाऱ्याने निकाल आधीच लावलेला असतो. मला त्याचा त्रास होतो.

त्याआधी तासभर मी टेनोच्टिट्लानबद्दल, म्हणजे आजच्या मेक्सिको सिटीच्या जागी तळ्यात वसलेल्या अझ्टेकांच्या राजधानीबद्दल, बोललेली असते. तळ्यातला गाळ उपसून रचलेली चिनांपांची शेतं, त्यांच्या काठाची माती मुळांनी धरून ठेवणारी वाळुंजाची झाडं, एकाच वर्षात निघणारी अनेक पिकं. चापुल्तेपेकच्या टेकडीवरून येणाऱ्या पाण्याला दोन पाट होते, एक साफ करायला घेतला की दुसरा वाहता. १४४९च्या महापुरानंतर शेजारच्या तेश्कोको नगराचा राजा नेसावालकोयोत्ल याच्या देखरेखीखाली सुमारे १६ किलोमीटरचा बांध उभा राहिला आणि खारं पाणी अडलं. यावर मला कुणीच काही विचारत नाही.

पूर्वी मी चिडून म्हणायचे, नरबळींचे आकडे फुगवलेले आहेत. १४८७च्या, नगरातल्या थोरल्या मंदिराच्या सोहळ्यातले ८०,४०० बळी मी आजही मानत नाही. पण एका व्याख्यानानंतर एक बाई थांबून राहिल्या. मी ओझरता उल्लेख केला होता तो ‘अर्पण ४८’चा. थोरल्या मंदिरात, पर्जन्यदेव त्लालोकच्या बाजूला सापडलेली दगडी पेटी. तिच्यात किमान ४२ मुलांची हाडं, बहुतेक दोन ते सात वर्षांची. दात किडलेले, हाडांवर रक्तक्षयाच्या खुणा. अभ्यासक हे अर्पण १४५४च्या सुमाराच्या दुष्काळाशी जोडतात.

बाईंनी एवढंच विचारलं, ‘त्यांच्या आया कुठे होत्या?’

मी सांगितलं, सहागुन या सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश ख्रिस्ती साधूने तिथल्या जुन्याजाणत्यांकडून लिहून घेतलंय की त्लालोकसाठी डोक्यावर दोन भोवरे असलेली, शुभ दिवशी जन्मलेली मुलं शोधत आणि आयांकडून विकत घेत. वाटेत मूल रडलं तर पाऊस पडणार असं मानत. त्या दुष्काळात तर मक्यासाठी माणसं स्वतःलाही विकत होती.

‘विकत?’ त्या म्हणाल्या. पुढे काही विचारलं नाही. दोन भोवरे कुणाच्या डोक्यावर असतात हे आपल्याकडच्या कुठल्याही आईला न्हाऊ घालताना कळतं. मला तेव्हा काहीच सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

माझ्यातली जुनी अभ्यासक म्हणते, ही त्यांची श्रद्धा होती, त्यांच्या काळाच्या मापाने मोज. मी तिला विचारते, मग मुलांचं रडणं त्यांच्या इतकं लक्षात का राहिलं? ती म्हणते, शुभशकुन म्हणून. बरोबर आहे तिचं. पण एवढ्यावर माझं भागत नाही. पोटभर अन्न न मिळालेली मुलं पावसासाठी दिली गेली, आणि देणाऱ्यांना पाऊस खरोखरच हवा होता. या दोन्ही गोष्टी मला एकदमच दिसतात.

एवढं ठामपणे सांगते, की बांध घालणारे आणि ती मुलं नेणारे लोक वेगळे नव्हते. नगर तेच, आणि दोन्हींमध्ये अंतर असेल तर थोड्याच वर्षांचं. पाण्याची चिंताही तीच होती, एका वर्षी अती झालेल्या आणि पुढे न आलेल्या. म्हणून ‘शेतीत हुशार, धर्मात क्रूर’ अशी वाटणी मी करणार नाही. तुम्ही मागितलीत तरीही नाही. यापुढे अर्पण ४८ ओझरतं न सांगता चिनांपांना लागूनच सांगणार आहे, आणि त्या बाईंचा प्रश्नही सांगणार आहे.