होल्डवरची बाई

परवा दुपारी एका हेल्पलाइनवर पंचवीस मिनिटं होल्डवर होते. कानात तीच ती ट्यून, मधूनमधून "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे", हातात पेन आणि समोर एक फाडलेलं पाकीट. शेवटी एकदाचा माणूस आला, त्याने तक्रार नंबर सांगितला, मी तो लिहून घेतला, फोन ठेवला आणि बघते तर पाकिटावर ती.

ती म्हणजे तीच, नेहमीची. बाईचा चेहरा, बाजूने, डावीकडे तोंड केलेला, कपाळ जरा पुढे, मानेवर सैल अंबाडा, कान केसांनी झाकलेला (कान मला जमत नाहीत, सोडा) आणि ओठ असे घट्ट मिटलेले की तोंडात टाचण्या धरल्यात असं वाटावं. शाळेतल्या वह्यांच्या मागच्या पानांवर हीच होती, कॉलेजात हीच, आता मीटिंगमध्ये कागदाच्या कडेला हीच. कुणी विचारलं की कोण गं ही, तर मी म्हणते कुणी नाही, असंच. वीसेक वर्षं एकच बाई काढायची आणि वर असंच म्हणायचं.

रवींद्रनाथ टागोरांचं असंच काहीतरी झालं होतं. कवितेच्या हस्तलिखितात खाडाखोड करायचे, ती खाडाखोड नुसती टाकवेना म्हणून तिला जोडत जोडत आकार द्यायचे, आणि त्यातून पक्षी, नाही नाही ते प्राणी आणि पुढे चेहरे यायला लागले. साठी उलटल्यावर माणूस चित्रकार झाला, १९३० मध्ये पॅरिसला प्रदर्शन, एकूण चित्रं दोन हजारांच्या वर. त्यातले ते लांबट चेहऱ्याच्या, गप्प बायकांचे चेहरे बघितले की आपण उगाच आवाज हळू करतो. बहुतेकांना नावंही दिली नाहीत त्यांनी. आयुष्यभर शब्दांचं काम केलेला माणूस, आणि इथे शीर्षकसुद्धा नाही. मला ते फार आवडतं.

तर आत्या. आत्याचा चित्रांचा हात चांगला होता आणि एका सुट्टीत तिने मला धरून बसवलं, तुझं पोर्ट्रेट करते म्हणून. मी आठ-नऊ वर्षांची. स्टुलावर तीन दुपारी. पहिल्या दुपारी मला फार भारी वाटलं, दुसऱ्या दुपारी पायाला मुंग्या आल्या, तिसऱ्या दुपारी मी रडायच्या बेताला. "हलू नकोस गं, नाक गेलं बघ तुझं," ती म्हणायची, आणि मी खरंच नाकाला हात लावून बघायचे. कोळशाचा तो करकर आवाज, मग बोटाने घासल्याचा मऊ आवाज, मग बराच वेळ काहीच नाही, त्यात ती नुसती बघत बसलेली. आपल्याकडे इतका वेळ कुणी बघत नाही हो. आईसुद्धा नाही.

चित्र झालं आणि मी भोकाड पसरलं. एक चिडकी, हट्टी, जरा म्हातारीच मुलगी होती ती. घरातले सगळे बघून हसले, म्हणाले अगं ही तर तू स्वतःलाच काढलंयस. आत्या म्हणाली, "काहीतरीच!" आणि चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवून दिलं.

लिओनार्दोने चित्रकारांना हेच बजावून ठेवलंय, की बाबांनो, आपल्या अंगातली खोड आधी ओळखा, नाहीतर जो काढाल त्याच्यात ती उतरेल. ओळखणार कशी ते आहेच. बाथरूमच्या आरशावर वाफ धरली की त्यावर दिसणाऱ्या आपल्या चेहऱ्याची कड बोटाने गिरवून बघा, चेहरा बरोब्बर अर्धा निघतो. पुढे या, मागे जा, अर्धाच. मी लहानपणी पट्टी घेऊन मोजलं होतं आणि बाहेरून दारावर थापा पडल्या होत्या. रोज ज्यात बघून भांग पाडतो त्यातलं आपलं तोंड केवढं हेही माहीत नसतं, खोडी कुठल्या दिसायला!

आणि समोर बसलेल्या माणसाकडे बघूनही काही होतंच असं नाही. पिकासोने गर्ट्रूड स्टाइन या लेखिकेला ऐंशी-नव्वद वेळा समोर बसवलं, मग वैतागून चेहराच पुसून टाकला आणि स्पेनला निघून गेला. परत आल्यावर तिला न बघता तो चेहरा रंगवला, सरळ मुखवट्यासारखा. लोक म्हणाले हिच्यासारखा दिसत नाही, तर म्हणे, दिसेल. चित्रकार लुसियन फ्रॉइड उलटा, त्याला माणूस समोरच लागायचा, तोही महिनोन्‌महिने. आजोबांनी, म्हणजे मनोविश्लेषणवाल्या सिग्मंड फ्रॉइडनी, पेशंटना कोचावर झोपवून ऐकलं, नातवानेही कित्येकांना कोचावरच झोपवलं आणि बघत बसला. घराण्याचा धंदाच म्हणायचा.

हे सगळं पाकीट हातात धरून चाललं होतं, आणि मधेच मला ते स्टूल आठवलं. आत्या माझ्याकडे बघायची तेव्हा मी लाजून खाली बघायचे. ती कागदाकडे वळली की मग मी तिच्याकडे बघायचे. म्हणजे तीन दुपारी मी तिला बघितलं ते बाजूनेच. डावीकडे तोंड, मानेवर अंबाडा, आणि रेघ ओढताना ओठ असे...

अंगावर काटाच आला. मग म्हटलं थांब जरा. उजव्या हाताने काढणारी बहुतेक माणसं बाजूचा चेहरा डावीकडेच वळवतात, हाताला ते सोयीचं पडतं. अंबाडा काढायला सोपा. ओठांचं म्हणाल तर मला उघडं तोंड काढता येत नाही, दात कानांपेक्षा अवघड. झालं, सुटलं कोडं. तरी आरशासमोर जाऊन एकदा पेन धरून बघितलं, मी काढताना ओठ मिटते का ते. पण मुद्दाम बघायला गेलं की सगळंच मिटल्यासारखं दिसतं.

आता पंचाईत अशी की तक्रार नंबर मी लिहिला तो तिच्या अंबाड्यातच. पहिले चार आकडे नीट आहेत, पुढे तीन आहे का आठ का नुसती केसाची बट, काही केल्या लागत नाही. म्हणजे परत फोन, परत होल्ड. या वेळी पेन लांब ठेवणारे. नंबर कशाने लिहिणार, ते बघू.