खड्ड्यातला गॅस

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, मी मेंटेनन्स बघतो. ओतकामात पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचा ठोकळा ठेवतात, तो कोअर. कोअर शॉपमध्ये सिलिकेट मिसळलेली वाळू कोअर बॉक्समध्ये ठासायची आणि तिच्यात कार्बन डायऑक्साइड सोडायचा. काही सेकंदांत वाळू दगडासारखी घट्ट होते. आम्ही त्याला नुसतं 'गॅस मारणं' म्हणतो. गॅसचा विचार कोण करतंय!

त्या सोमवारी सकाळी सात वाजता नवा पोरगा मोल्डिंगच्या खड्ड्यात उतरला, आत पडलेली कोअर बॉक्स काढायला. खड्डा छातीएवढा. उभा होता तोवर गप्पा मारत होता. खाली वाकला, आणि भिंतीला टेकून म्हणाला, "साहेब, गरगरतंय." मी उडी टाकणार तेवढ्यात फर्नेसवाल्या मामांनी मागून कॉलर धरली. "तुमास्नीबी आत पडायचंय व्हय?" काठावर पालथं पडून दोघांनी त्याच्या बगलेत हात घातले आणि वर ओढलं. पाच मिनिटांत तो चहा मागायला लागला. माझेच हात थरथरत होते.

रविवारभर सिलिंडरची नळी गळत होती. हा गॅस हवेच्या दीडपट जड, त्यामुळे खड्ड्यात पाण्यासारखा साठलेला. हा गॅस मोजायचं मीटर सुतळीला बांधून आत सोडलं, तर आकडा १०,००० वर जाऊन अडकला. त्याची मोजायची हद्दच तेवढी. आकडा पीपीएममध्ये, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत गॅसचे किती भाग. आठ तासांच्या पाळीला ५,००० पीपीएम ही मर्यादा धरतात.

ब्लोअर लावून मीटर गेटबाहेर नेलं. ४३६. पोरगा चक्रावला. "इथं कुठं गळतंय? शून्य का न्हाई?"

शून्य असतं तर ऊसच उगवला नसता, म्हटलं. पण कारखान्यांच्या युगाआधी हा आकडा २८० च्या आसपास होता. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतल्या मौना लोआवर मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१५ च्या घरात. आता ४२० च्या वर.

मामांनी सिलिंडरकडे बोट केलं. "मग ह्योच साठलाय म्हणा की."

उत्तर नेमकं उलटं आहे. आमचा गॅस येतो डिस्टिलरीतून. उसाची मळी आंबली की अल्कोहोल निघतं आणि जवळजवळ तेवढ्याच वजनाचा हा गॅस. तोच धरून सिलिंडरमध्ये भरतात. म्हणजे ज्यानं पोराला जवळजवळ आडवं केलं, तो कार्बन वर्ष-दोन वर्षांपूर्वी कुठल्यातरी शिवारात उसाच्या पानानं हवेतूनच घेतलेला. परत गेला तर हिशेब फिटल्यासारखा. (ट्रॅक्टरचं डिझेल आणि युरिया त्यात धरलेलं नाही, आणि ते काही थोडं नाही.)

मामांचा क्युपोला, म्हणजे लोखंड वितळवायची भट्टी, मात्र दगडी कोळशापासून केलेला कोक खातो. कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला कार्बन, या देवाणघेवाणीत नसलेलाच. एक किलो कोक जळला की हवेतला ऑक्सिजन घेऊन तीन किलोंवर गॅस. जगभरात कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायूतून वर्षाला ३,७०० कोटी टनांच्या घरात. साधारण निम्मा समुद्र, झाडं आणि माती ओढून घेतात. उरलेला हवेतच.

मामा धुराड्याकडे बघत राहिले. "आन् मीटर तुमी खड्ड्यात सोडताय."

आता मीटर सुतळीसकट खिळ्याला टांगलेलं असतं. उतरण्याआधी पोरगा ते आत सोडतो आणि आकडा खडूनं भिंतीवर लिहितो. काल ६१० होता. शेजारी कुणीतरी वेगळ्या अक्षरात लिहिलं होतं : बाहेर ४३१.