मुलाला पोलिसांनी नेलं, असा फोन येतो तेव्हा

न्यू जर्सीत अडचणीत सापडलेल्या आपल्याकडच्या बायकांसाठी काम करणाऱ्या एका गटात मी हेल्पलाइनचे फोन घेते. मागच्या हिवाळ्यात एका मुलीच्या सासूबाईंचा भारतातून फोन आला. नंबर सुनेनेच दिला होता. भांडणात मुलाने बायकोचा हात पिरगाळला, शेजाऱ्यांनी ९११ ला कळवलं, पोलिसांनी मनगटावरचा वळ पाहिला आणि त्याला घेऊन गेले. "ती केस मागे घ्यायला तयार आहे हो, मग मिटत का नाही?" त्या रडत विचारत होत्या.

मिटत नाही, कारण केस तिची नसतेच. कागदावर लिहिलेलं असतं, 'न्यू जर्सी राज्य विरुद्ध अमुक'. फिर्यादी राज्य, बायको फक्त साक्षीदार. खटला चालवायचा की सोडायचा, हे सरकारी वकील ठरवतो. शिवाय घरगुती हिंसाचारात जखमेची खूण दिसली तर अटक करणं इथल्या पोलिसांना बंधनकारक आहे. मला हे पटतं. नाहीतर "मागे घे" म्हणणाऱ्यांचा सगळा भार त्या एकट्या मुलीवर पडला असता.

दुसरी वाट फॅमिली कोर्टाची. तिथे तिला नवऱ्याविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम मिळतो आणि साधारण दहा दिवसांत सुनावणी होते. हा अर्ज मात्र ती स्वतः मागे घेऊ शकते. पण हुकूम कायम झाला, तर न्यू जर्सीत त्याला मुदत नसते. कोर्टाने रद्द करेपर्यंत तो चालूच राहतो. आई-वडिलांनी नीट समजून घ्यावं असं याच हुकुमात एक आहे. त्याने तिच्याशी कुठलाच संपर्क करायचा नसतो आणि दुसऱ्याच्या तोंडून निरोप पाठवणंही त्यातच धरलं जाऊ शकतं. "तो फार पस्तावलाय, एकदा बोल त्याच्याशी," हा आपल्या दृष्टीने मायेचा फोन त्याच्यावर नवा गुन्हा दाखल व्हायला पुरतो.

हे सगळं राज्याराज्यात वेगळं असतं. टेक्सासात गुन्ह्यांचे फेलनी (गंभीर) आणि मिसडिमीनर (किरकोळ) असे वर्ग आहेत; न्यू जर्सीत हे शब्दच नाहीत, किरकोळ गुन्ह्याला 'डिसऑर्डर्ली पर्सन्स ऑफेन्स' म्हणतात. त्यातही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे टेक्सासातल्या डॅलसच्या मावसभावाचा अनुभव न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये कामाचा नाही.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती "गुन्हा कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो" या सल्ल्याची. राज्याच्या दृष्टीने किरकोळ असलेला गुन्हा इमिग्रेशनच्या दृष्टीने किरकोळ असेलच असं नाही. घरगुती हिंसाचाराच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यास ग्रीन कार्डवाल्यालाही देशाबाहेर काढता येतं. राज्याने पुढे नोंद पुसली तरी इमिग्रेशन खातं ती बहुधा धरतंच, आणि व्हिसाच्या अर्जात नुसत्या अटकेबद्दलही विचारतात. २०१० साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पडिया खटल्यात निकाल दिला, की कबुली देण्याआधी देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका अशिलाला सांगणं हे फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे. तरीही मी इमिग्रेशनचा वकील वेगळा गाठायला सांगते. कैदेची शक्यता असलेल्या फौजदारी खटल्यात ऐपत नसलेल्याला सरकारी खर्चाने वकील मिळतो. घटस्फोटाला तशी सोय नाही.

घटस्फोटापर्यंत गोष्ट गेलीच तर आणखी एक गाठ. इथे कुणाचा दोष न दाखवता घटस्फोट मिळतो. पण हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं लग्न असेल, दुसरी बाजू इथल्या कोर्टात आलीच नसेल आणि तिने संमतीही दिली नसेल, तर असा हुकूमनामा भारतात टिकणं अवघड. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे १९९१ मध्येच स्पष्ट केलंय. दोन्हीकडच्या वकिलांना आधीच विचारलेलं बरं.

सासूबाईंचा दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला. "त्याचा निरोप नाही सांगत. पण मी माझ्या मनाने सुनेला फोन केला, जेवलीस का विचारलं, तर चालेल का?" मुलाच्या वकिलाकडून हुकुमाची प्रत मागवून घ्या, असं मी सांगितलं. संध्याकाळी प्रत आली. आम्ही दोघींनी फोनवर एकेक ओळ मराठीत लावून वाचली. सासूबाईंचं नाव त्यात कुठेच नव्हतं. तरी त्या म्हणाल्या, "आधी तिलाच विचारा, माझा फोन आलेला तिला चालेल का ते."