पाळी जाण्याची वर्षे आणि नवऱ्याचे काम

आमच्या घरी पाळी जाण्याच्या काळाची सुरुवात मे महिन्यात झाली, आणि सोलापुरात मे महिन्यात कोणाच्याही अंगाची लाहीलाही होते, म्हणून ती आम्हा दोघांच्याही ध्यानात आली नाही. पत्नी रात्री दोन-अडीचला उठून मागच्या दारापाशी शहाबादी फरशीवर पाय पसरून बसायची आणि मी कूस बदलून पुन्हा झोपायचो. ध्यानात आले ते जानेवारीत. गड्ड्याची यात्रा भरली होती, पहाटे चांगलाच गारठा पडत होता आणि आम्ही दोघे एकाच जाड डबल चादरीखाली झोपलो होतो. एका पहाटे माझ्या हाताला तिची बाजू ओली लागली. उशीचा अभ्रा, ब्लाऊजची पाठ, मानेखालची गादी सगळे घामाने भिजले होते, आणि ती चादर पायाशी ढकलून, घाम वाळू लागल्यामुळे आता थंडीने कुडकुडत पडली होती. "काय होतंय?" असे मी त्या पहाटे पहिल्यांदा विचारले. "सात-आठ महिने झाले, अहो," एवढेच ती म्हणाली.

तेव्हा तिला ४७ वे वर्ष चालू होते. आपल्याकडे बहुतेक स्त्रियांची पाळी ४६-४७ च्या सुमारास बंद होते. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे डॉक्टर मानतात. पण त्रासाची वर्षे त्याच्या बरीच आधी सुरू होतात, हे मला ठाऊक नव्हते. पाळी कधी वीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी येते, कधी रक्तस्राव खूप होतो, आणि इस्ट्रोजेन हे संप्रेरक खाली-वर होऊ लागल्याने मेंदूतले शरीराचे तापमान सांभाळणारे केंद्र जरासा उष्मा वाढला तरी अंग फार तापल्याचा इशारा देते. मग छाती-मानेवरून गरम वाफा चढतात, चेहरा लाल होतो, धडधडते, दरदरून घाम सुटतो, आणि काही मिनिटांत सारे ओसरते. रात्रीतून असे तीन-चारदा झाले तर झोप कुठली लागणार? कित्येक जणींना हा त्रास चार-पाच वर्षे होतो, काहींना त्याहूनही अधिक.

आमचे भांडण झाले होते ते झोपेवरून नव्हे, तर चिडचिडीवरून. दिवाळीच्या आधी, जेवताना, मुलांसमोर मी तिला म्हणालो होतो, "तुझी चिडचिड फार वाढली आहे, जरा स्वभावाला मुरड घाल." ती काही न बोलता ताटावरून उठली. महिनोन्महिने सलग तीन तासही झोप न लागलेल्या माणसाला मी स्वभाव सुधारायला सांगत होतो, याची आज मला मनापासून लाज वाटते. रात्रपाळीनंतर डोळे तारवटलेला कामगार मागाशी उभा राहिला, तर त्याला स्वभावावरून बोलायचे नसते, घरी पाठवायचे असते, हे यंत्रमाग कारखान्यात इतकी वर्षे हिशेब लिहिताना मी पाहत आलो आहे. घरात मात्र ते मला दिसले नाही.

म्हणून पहिला बदल रात्रीचाच केला. आमच्या भागात चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येते आणि वेळ कधी रात्री एकची, कधी पहाटे साडेतीनची असते. लग्न झाल्यापासून पाण्याच्या रात्री तीच उठत आली होती: मोटार लावायची, टाकी भरेपर्यंत जागायचे, पिण्याचे पाणी गाळून हंडे-कळशा भरायच्या. हे काम मी माझ्याकडे घेतले, आणि "मदत" म्हणून घेतले नाही, कायमचे घेतले. पहिल्या महिन्यात दोनदा टाकी भरून वाहिली, एकदा पाणी गाळायचेच राहिले, पण ती उठली नाही, कारण तिने उठायचे नाही हे आमचे ठरलेले होते. डबल चादर ट्रंकेत गेली आणि दोन पातळ सुती सिंगल चादरी आल्या. तिच्या उशाशी सुती गाऊनचा एक जादा जोड आणि तांब्याभर पाणी ठेवू लागलो. पंख्याचे बटण तिच्या हाताशी आले, आणि गारठा वाटला तर मी स्वेटर घालून झोपतो. संध्याकाळनंतरचा चहा आम्ही दोघांनीही सोडला, कारण एकटीने पथ्य पाळायचे आणि दुसऱ्याने समोर बसून कप रिकामा करायचा हे बरे नव्हे.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाताना मी गाडी लावून बाहेर थांबणार होतो. तिथल्या बाकावर बसलेले सगळे नवरेच होते. पत्नी दारातून वळून म्हणाली, "तुम्हीही चला, मला सगळं लक्षात राहायचं नाही." विसरभोळेपणा हाही याच काळाचा भाग असतो, हे आत गेल्यावर कळले. डॉक्टरबाईंनी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि रक्तदाब तपासून घेतला, कारण थायरॉइडच्या दुखण्यातही घाम, धडधड आणि चिडचिड असतेच. हार्मोनच्या गोळ्यांची मला भीती होती, ती मी बोलून दाखवली. त्यांनी सांगितले की २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचा एक भाग मध्येच थांबवला गेला आणि तेव्हापासून ही भीती पसरली. परंतु त्या अभ्यासातल्या स्त्रियांचे सरासरी वय साठीच्या पुढचे होते. साठीच्या आतल्या, किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या निरोगी स्त्रियांना त्रास फार असेल तर या उपचाराचा लाभ सहसा धोक्यापेक्षा अधिक असतो; स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी किंवा यकृताचा आजार झालेल्यांनी मात्र तो टाळावा लागतो. निर्णय पत्नीने घेतला. मी फक्त तारखांची वही ठेवतो, कारण बारा महिने पाळी बंद राहिल्यानंतर एक थेंबही रक्त दिसले तर त्याच आठवड्यात दाखवायचे आहे, आणि हे मला डॉक्टरबाईंनी बजावून सांगितले आहे.

याच काळात ती जवळ येण्याचे टाळू लागली होती आणि मी मनात नको ते अर्थ लावत होतो. इस्ट्रोजेन कमी झाल्याने योनीमार्ग कोरडा आणि नाजूक होतो, संबंध दुखतो, आणि दुखणाऱ्या गोष्टीपासून माणूस लांब राहतो. त्यात नवऱ्याविषयीच्या नावडीचा काही संबंध नसतो. औषधाच्या दुकानात यासाठी जेल मिळते, डॉक्टर लावायचे क्रीमही लिहून देतात. ते आणायला नवऱ्याने जावे. आणि तिने नको म्हटले तर रुसून बसू नये, शेजारी बसून नुसत्या गप्पा माराव्यात.

आईला यातले काही सांगायचे नाही असे आमचे ठरले होते, पण तिने ओल्या उशा वाळत घातलेल्या पाहिल्या होत्या. एका दुपारी शेंगा सोलता सोलता ती आपणहून म्हणाली, "मी फरशीवर ओलं लुगडं पसरून त्यावर झोपत असे. तुझ्या वडिलांनी कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही." पुढे सत्तरीत घरातल्या घरात घसरून आईचा खुबा मोडला. पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत हाडे झपाट्याने विरळ होतात, हे तेव्हा आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हते. आता कडक भाकरीबरोबर नाचणी, तीळ आणि ताक रोजचे झाले आहे, आणि सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही दोघे सिद्धेश्वर तलावाच्या काठाने चालून येतो.

हे सगळे आज लिहायला कारण कारखान्यातले एक सहकारी. त्यांच्या पत्नीला ४३ व्या वर्षी फार रक्तस्राव होतो आहे, आणि "पिशवीच काढून टाका, कटकट जाईल," असे नातेवाईक त्यांना सांगत आहेत. शस्त्रक्रिया काही वेळा खरोखर लागते. परंतु गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली, तर पाळी जाण्याची सगळी लक्षणे काही दिवसांत एकदम अंगावर येतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर स्त्रियांची गर्भाशये ऐन तरुणपणी काढली गेल्याचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. या सहकाऱ्यांना मी एका कागदावर चार प्रश्न लिहून दिले: रक्तस्रावाचे कारण काय, औषधाने किंवा गर्भाशयात बसवायच्या हार्मोनच्या साधनाने तो थांबेल का, अंडाशये ठेवता येतील का, आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याइतका वेळ आपल्या हाती आहे का. त्यांचा नंबर येत्या गुरुवारी आहे, आणि आत दोघेही जाणार आहेत.